आतून आनंद नसेल तर स्तुती करावी की गप्प बसावं?

शांत_ओहोळ

प्रभूमध्ये सगळ्यांना सलाम. बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज विचारतेच.

मी लहानपणापासून मंडळीच्या (चर्चच्या) क्वायरमध्ये गाते. गाणं हाच माझा देवाजवळ जायचा रस्ता होता म्हणा ना, प्रार्थनेत मन कधी कधी भटकतं पण गाताना कधीच नाही भटकायचं. आई गेली आणि तेव्हापासून सगळं बदललं. गाते अजून, सूर बरोबर लागतात, शब्द पाठ आहेत, टाळ्याही वाजवते, पण आत काहीच हलत नाही. आणि वर्शिप सुरू होताना समोरून सांगतात की सगळ्यांनी आनंदाने गा, चेहऱ्यावर हसू आणा, देव आपल्या स्तुतीत वास करतो. मग मला वाटतं की माझ्या स्तुतीत तर तो नसणारच, कारण ती खरी नाहीये. बायबलच्या स्तोत्र १०० मध्ये सरळ लिहिलंय की हर्षाने सेवा करा, उपकार मानत त्याच्या दारांतून आत या. मग ज्याच्याजवळ हर्षच नाही त्याने काय दाराबाहेर उभं राहायचं?

कोणाला दोष द्यायचा म्हणून विचारत नाहीये. खरंच जाणून घ्यायचंय. धन्यवाद आणि आनंद यांनी माणूस देवाजवळ जातो हे मी आयुष्यभर ऐकलंय, मानलंय पण. आता ते नेमकं कसं घडतं हे कळत नाहीये. आणि आनंद येईपर्यंत गप्प बसणं जास्त प्रामाणिक का?

जुना_दिवा

ताई, सलाम. तुमचं वाचून आधी तुमच्यासाठी प्रार्थना केली, मग लिहायला बसलो.

लूक १७ मधले ते दहा कुष्ठरोगी आठवा. आपण तो उतारा नेहमी "कृतज्ञ राहा" एवढंच शिकवायला वापरतो, मला मात्र त्यातली अंतरं बघावीशी वाटतात. सुरुवातीला ते दहाही जण दूर उभे राहिले असं लिहिलंय, नियमच होता तो, जवळ यायची परवानगी नव्हती. दुरूनच ओरडून दया मागितली. येशूने सांगितलं जा आणि स्वतःला याजकांना दाखवा, आणि जाता जाता ते बरे झाले. आता हे लक्षात घ्या की बाकीचे नऊ काही चुकीचं करत नव्हते, त्यांना जे सांगितलं होतं तेच ते करायला निघाले होते. आरोग्य त्यांनाही मिळालं. पण एक जण मागे फिरला, मोठ्या आवाजात देवाचा महिमा गात आला आणि थेट पायाशी पडला. दूर उभा असलेला माणूस पायाशी! हे जे मधलं अंतर आहे ना, ते बरं होण्याने नाही मिटलं, ते उपकार मानायला मागे वळण्याने मिटलं. आणि तो शोमरोनी होता, म्हणजे ज्याला मंदिरात कोणी आत घेतलं नसतं असा.

मला वाटतं तुमच्या "नेमकं कसं घडतं" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. देणगी हातात असते तोवर आपण देणगीकडे बघत असतो. धन्यवाद द्यायला तोंड वळवावं लागतं आणि वळल्यावर समोर तो असतो, बस. त्यात भावना किती होती हे लूक कुठे सांगतच नाही, फक्त तो वळला आणि आला हे सांगतो.

दाराबाहेर उभं राहायचं का, असं विचारलंत. स्तोत्र १०० ला वर शीर्षक आहे, उपकारस्तुतीचं स्तोत्र, आणि दीडशे स्तोत्रांत असं शीर्षक या एकालाच आहे. त्यात उपकारस्मरण हे दाराशी आहे. आतल्या गाभाऱ्यात पोचल्यावर द्यायची ती गोष्ट नाही, आत शिरतानाची आहे. म्हणजे ज्याला अजून आत जायचंय त्याच्यासाठीच ते लिहिलंय. तुम्ही दाराशी आहात म्हणताय, मग बरोबर जागेवर आहात की.

आणखी एक सांगतो, लांबतंय पण राहवत नाही. लेवीय ७ मध्ये उपकारस्तुतीच्या यज्ञाचा नियम वाचा. नवसाचा किंवा स्वखुशीचा यज्ञ असेल तर उरलेलं मांस दुसऱ्या दिवशीही खायची मुभा होती. उपकारस्तुतीच्या यज्ञाचं मात्र त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. एक अख्खं जनावर आणि वर इतक्या भाकरी, एका घराने एका दिवसात कसं संपवायचं? माणसं बोलवावीच लागणार. मला तरी त्यातून असंच दिसतं की ज्याला धन्यवाद द्यायचेत त्याला देवाने एकट्याने बसूच दिलं नाही. आणि जे खायला बसले त्यातल्या प्रत्येकाचे दिवस चांगले चालले असतील असं थोडंच आहे. कोणीतरी तुमच्यासारखं दुःखातलंही असेल, दुसऱ्याच्या उपकारस्तुतीचा घास त्याच्या पानात. मंडळीत बाकीचे आनंदाने गातायत आणि तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या आहात, तर मला ते खोटेपण वाटत नाही. तुम्ही त्या जेवणाला आला आहात एवढंच.

खडा_सवाल

दादांचं पटलं पण मला थोडं वेगळं बोलायचंय आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

आपल्याकडे आनंदाची सक्ती होते. आमच्या घरात एक मोठं दुःख झालं तेव्हा एका बाईंनी दारातच माझ्या बायकोला सांगितलं की याबद्दल पण धन्यवाद दे, मगच आशीर्वाद येईल. ती बायको नंतर कितीतरी महिने प्रार्थनेला बसू शकली नाही. असं धन्यवाद देणं देवाजवळ नेत नाही, उलट माणसाला वाटायला लागतं की देव असा आहे की ज्याच्यापुढे रडायची पण बंदी आहे.

शास्त्र काय म्हणतं ते नीट वाचावं. १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ मध्ये सर्व स्थितीत उपकारस्तुती करा असं आहे. स्थितीत. स्थितीबद्दल नाही. मरणाबद्दल धन्यवाद द्या असं तिथे कुठेही नाही. आणि हेच पत्र आधीच्या अध्यायात, ४:१३ ला, मेलेल्यांविषयी बोलतं. त्या मंडळीतली माणसं आपली गेलेली माणसं आठवून कष्टी झालेली होती. पत्र लिहिणारा पौल त्यांना शोक करू नका म्हणून थांबत नाही, ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखा शोक करू नका म्हणतो. शोक आहे, आशाही आहे. "सर्वदा आनंदित असा" हे वाक्य त्याच माणसांना लिहिलंय, ज्यांच्या घरात मरण झालं होतं. त्यामुळे ते वाक्य चेहऱ्यावर हसू आणा या अर्थाने असूच शकत नाही.

आणि स्तोत्र ८८ वाचलंय का कोणी वर्शिपमध्ये? ते अंधारातच संपतं. शेवटी एकही स्तुतीची ओळ नाही. तरी ते गाण्यांच्या पुस्तकात आहे, मंदिरात गायलं जायचं. देवाने ते काढून टाकलं नाही.

ताई, तुम्हाला गप्प बसावंसं वाटलं तर बसा. कोणी काही म्हणू दे.

ओंजळभर

खडा_सवाल भाऊ, तुमच्या घरी जे झालं ते वाचून खूप वाईट वाटलं. असं कोणाला कधीच बोलू नये.

पण एक गोष्ट राहिली असं वाटतं म्हणून लिहिते. इफिसकरांस ५:२० मध्ये सगळ्या गोष्टींबद्दल उपकारस्तुती करा असंही आहे. ते वचन बाजूला टाकून चालणार नाही. मी स्वतः ते असं धरते की प्रत्येक गोष्ट चांगली आहे असं म्हणायचं नाही, पण अशी एकही गोष्ट नाही जी घेऊन मी बापाकडे जाऊ शकत नाही. डच ख्रिस्ती लेखिका कॉरी टेन बूमची बहीण बेट्सी हिचं उदाहरण सगळे देतात, राव्हेन्सब्रुकच्या नाझी छावणीत पिसवांबद्दल धन्यवाद दिले आणि नंतर कळलं की पिसवांमुळेच पहारेकरी त्या बराकीत शिरत नव्हते आणि म्हणून त्यांना शास्त्र वाचता येत होतं. खरी आहे ती गोष्ट. पण सांगताना आपण तिथेच थांबतो. बेट्सी त्याच छावणीत डिसेंबर १९४४ मध्ये वारली, हे कोणी सांगत नाही. तिच्या धन्यवादाने छावणीचं दार उघडलं नाही. धन्यवाद म्हणजे सुटकेची किल्ली असं शिकवलं की पुढे माणूस मोडतो, कारण किल्ली लागली नाही की त्याला वाटतं माझ्याच विश्वासात खोट आहे. बेट्सीला त्यातून काय मिळालं तर त्या बराकीतही देव जवळ होता. तेवढ्यासाठीच धन्यवाद आहेत असं मला वाटतं, जवळ असण्यासाठी.

शांत_ओहोळ ताई, तुमच्या आईबद्दल लिहिलंत म्हणून योहान ११ काढून बघा. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेशी येशू रडला हे ३५ व्या वचनात, आणि ४१ व्या वचनात तो डोळे वर करून म्हणतो की बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे उपकार मानतो. मध्ये फक्त थोडी वचनं. डोळे कोरडे झाले असतील नसतील, काही लिहिलेलं नाही. कबरेवरचा दगड नुकता बाजूला केला होता आणि लाजर अजून आतच होता, तेव्हाचे ते धन्यवाद आहेत.

आणि ज्या रात्री त्याला धरून देणार होते त्याच रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून मोडली. नंतर गीत गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे गेले, मत्तय २६:३० बघा. काही तासांनी काय होणार हे माहीत असताना तो गायला. तिथून पुढे बागेत जाऊन "माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे" असं म्हणाला. म्हणजे गाणं आधी आणि खिन्नता नंतर, दोन्ही एकाच रात्री, एकाच माणसाच्या तोंडी. त्याचं गाणं खोटं होतं असं कोण म्हणेल?

पहाटवारा

मी वचनं वगैरे फार सांगू शकत नाही, सगळ्यांनी छान लिहिलंय. माझं आपलं रोजचं सांगते.

माझे वडील अंथरुणाला खिळलेत. बोलणं जवळजवळ गेलंय. मी सकाळी त्यांची चादर बदलते, कुशीवर वळवताना त्यांचं सगळं वजन माझ्या हातावर येतं आणि पाठीत कळ येते. त्या वेळेला मला आनंद वगैरे काही वाटत नाही खरं सांगते. पण वळवून झालं की मी मोठ्याने बोलते, प्रभू, आज पाठीवर नवीन जखम नाही, तुझे आभार. आज त्यांनी अर्धी वाटी पेज गिळली, ठसका लागला नाही, तुझे आभार. आज उजव्या हाताची बोटं हलली. जे दिसतंय तेवढंच बोलते, वाढवून काहीच नाही. आधी मी मोठमोठ्या गोष्टींबद्दल धन्यवाद द्यायचे, तारण, अनुग्रह, सगळं खरंच आहे ते, पण तोंडपाठ झालं होतं म्हणून मन पुढे निघून जायचं. पाठीवर जखम नाही हे म्हणताना मन पुढे जाऊच शकत नाही कारण मी आत्ताच पाठ बघितलेली असते.

आणि मग मी आमेन म्हणते आणि ते माझा हात दाबतात. कधी दाबतात कधी नाही. दाबला की मी परत आभार मानते.

ताई मला असं वाटतं की तुम्ही एकदम आनंदापर्यंत उडी मारायला बघताय. आनंद येईल तेव्हा येईल. आधी आईबद्दल एखादी अगदी बारीक गोष्ट घ्या, तिचा आवाज, तिने शिकवलेलं एखादं गाणं, आणि ती देवाला नाव घेऊन सांगा की ही तू दिली होतीस. रडू आलं तरी सांगा. रडत रडत आभार मानले की ते आभार राहत नाहीत असं थोडंच आहे.

शांत_ओहोळ

मी हे सगळं परत परत वाचतेय. पहाटवारा ताई, तुमच्या बाबांसाठी रोज प्रार्थना करेन. तुम्ही लिहिलंय ते वाचून मी खरंच एक गोष्ट करून बघितली, आई गाताना दुसरं कडवं नेहमी अर्ध्यातून उचलायची कारण तोपर्यंत ती ऐकत बसायची, ते मी देवाला सांगितलं. पुढचं काही बोलता आलं नाही. पण बरेच दिवसांनी मी कोणाशी तरी बोलतेय असं वाटलं, नाहीतर छताशी बोलल्यासारखं होत होतं.

आता दुसरा प्रश्न. एकटीचं ठीक आहे. मंडळीत काय करू? मी क्वायरमध्ये आहे म्हणजे लोकांना दिसते. आतून हलत नसताना मी दुसऱ्यांना आनंदाने गायला सांगतेय, हे ढोंग नाही का? आणि ते "देव स्तुतीत वास करतो" याचं काय?

सहावी_तार

ताई मी मंडळीत गिटार वाजवतो आणि वर्शिप लीड करतो, म्हणजे ज्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंय त्यातलाच मी. म्हणून मीच उत्तर देतो.

आधी ते वास करतो वालं वचन. स्तोत्र २२:३ आहे ते. आपण ते जोशात म्हणतो, बॅनरवर छापतो, पण ते आहे कुठल्या स्तोत्रात? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" याच स्तोत्रात! पहिल्या वचनात त्याग, दुसऱ्यात दिवसा ओरडतो तू ऐकत नाहीस, रात्री पण ओरडतो, आणि तिसऱ्यात तू इस्राएलाच्या स्तवनांत विराजमान आहेस. म्हणजे हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याला त्या क्षणी देव अजिबात जवळ वाटत नव्हता. तो दुसऱ्यांच्या स्तवनांकडे बघून बोलतोय, पूर्वजांनी भरवसा ठेवला, तू सोडवलंस, असं पुढे आहे. तुमच्यासारख्याच माणसाने ते लिहिलंय ताई. ते वचन तुमच्या बाजूचं आहे.

आता ढोंगाचं. माझ्या मते ढोंग म्हणजे आत एक आणि लोकांना फसवायला बाहेर एक. तुम्ही कोणाला फसवताय? तुम्ही देवाच्या चांगुलपणाबद्दल जे शब्द गाताय ते शब्द खरे आहेत की नाही? आई गेली म्हणून ते खोटे झाले नाहीत ना, मग ते गाणं ही साक्ष आहे, तुमच्या मूडचा रिपोर्ट नाही. हां, गाण्यात "माझं हृदय आनंदाने नाचतंय" असं असेल आणि नाचत नसेल तर ती ओळ शेजारच्याला गाऊ द्या, त्यात काही बिघडत नाही. मी स्वतः अशा गाण्यांची संख्या कमी केलीय, लागोपाठ चार-पाच गाणी फक्त मी किती खूश आहे यावर असली की दुःखातला माणूस उभ्या उभ्या बाहेर पडतो. देव कोण आहे आणि त्याने काय केलं अशी गाणी असली की तो पण गाऊ शकतो.

२ इतिहास २० बघा, यहोशाफाट राजाचं. सैन्यापुढे गायक पाठवले हे सगळ्यांना माहितीये, पण त्याआधी तो घाबरला असं तिसऱ्या वचनात स्पष्ट आहे, आणि सगळ्या लोकांसमोर उभं राहून, बायकापोरं पण होती तिथे, तो म्हणाला की आम्हाला काय करावं कळत नाही पण आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत. राजाने हे पब्लिकली म्हणायचं म्हणजे बघा. आणि दुसऱ्या दिवशी त्या गायकांनी काय गायलं? परमेश्वराचे उपकार माना कारण त्याची दया सर्वकाळची आहे. एवढंच. तीच ओळ जी स्तोत्र १३६ मध्ये सव्वीस वेळा येते. भीती गेली आणि मग गायले असं नाहीये, शत्रू समोर होता तेव्हाच गायले.

पौल आणि सीला तसेच. फटके खाल्लेले, पाय खोड्यात अडकवलेले, आणि मध्यरात्री गातायत. प्रेषितांची कृत्ये १६:२५ मध्ये एक छोटी गोष्ट आहे, बाकीचे कैदी ऐकत होते. मला ती ओळ फार आवडते. भूकंप नंतर झाला, दारं नंतर उघडली, तोपर्यंत कोणीतरी अंधारात नुसतं ऐकत होतं. आणि दारं उघडल्यावर ते पळालेच नाहीत! मोकळं व्हायला गात होते असं असतं तर पहिले तेच पळाले असते.

तुमच्या क्वायरमधून तुम्हाला बघणाऱ्यांत कोणीतरी नुकतंच कोणाला पुरून आलेलं असेल. त्याला तुमचं हसू नकोय. आई गेलेली बाई अजून उभी राहून "त्याची दया सर्वकाळची" म्हणतेय हे त्याला ऐकू जाऊ दे.

खडा_सवाल

सहावी_तार, मी सहसा वर्शिपवाल्यांशी भांडतो पण तुझं पटलं भावा. माझं आधीचं वाचून कोणाला वाटेल की मला आनंदाने उपासना करणंच नको आहे, तसं नाही. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटामुळे मी आज टिकून आहे. अंजिराला फुलं नाहीत, द्राक्षीला फळ नाही, जैतुनाचं उत्पन्न बुडालं, शेतात अन्न नाही, मेंढवाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत, एकेक करून सगळं मोजलंय त्याने, एकही नुकसान झाकलेलं नाही, आणि मग "तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन". आधी सगळी यादी आणि मग तरी. मला लोकांचा राग यायचा तो याचसाठी की त्यांना यादी ऐकायची नसते, थेट "तरी" पाहिजे असतो.

आणि त्या पुस्तकाची अगदी शेवटची ओळ काय आहे माहितीये? मुख्य गायकासाठी, तंतुवाद्यांवर. म्हणजे हे एकट्याने खोलीत पुटपुटायचं नव्हतं, सगळ्यांनी वाद्यांसोबत गायचं होतं.

बायको आता येते मंडळीत. मागच्या बाकावर बसते, पण येते.

जुना_दिवा

खडा_सवाल, तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल मी आत्ता गुडघ्यावर जाऊन देवाचे आभार मानले, खरंच.

थोडंसं एक जोडतो. स्तोत्र ५० मध्ये देव म्हणतो की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग माझंच आहे. आणि त्याच स्तोत्राच्या शेवटी म्हणतो की जो उपकारस्तुतीचा यज्ञ करतो तो माझा गौरव करतो. त्याला आपल्या स्तुतीची उणीव आहे म्हणून तो मागत नाही हे एकदा डोक्यात बसलं की मग "माझी स्तुती पुरेशी आहे का" ही धास्ती कमी होते. आणि आमोस ५ मध्ये तोच देव म्हणतो की तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा. तिथे गाणाऱ्यांना आनंद नव्हता अशी तक्रार नाही, सण जोरात चालले होते, वाद्यं वाजत होती. गरिबाला तुडवून येऊन गात होते ही तक्रार होती. तेव्हा ताई, देवाला कुठली स्तुती खोटी वाटते हे त्याने स्वतः सांगून ठेवलंय, आणि त्यात रडक्या चेहऱ्याची स्तुती कुठेही नाही.

शांत_ओहोळ

मला आता बरंच मोकळं वाटतंय. सगळं सुटलं असं नाही म्हणणार, आई नाहीये हे रोज सकाळी नव्याने कळतं. पण आनंद आला तरच आत जाता येतं असं मी धरून बसले होते, ते गेलं. दाराशीच उपकार मानायचेत, जे दिसतंय त्याबद्दल, आणि आत गेल्यावर काय वाटेल ते त्याच्यावर सोडायचं.

रात्री स्तोत्र ४२ वाचलं. इतक्या वेळा वाचलंय, पण चौथं वचन कधी थांबून वाचलंच नव्हतं. त्यात तो आठवतोय की पूर्वी मी समुदायाबरोबर जायचो, देवाच्या घराकडे सगळ्यांच्या पुढे, आनंदाचा आणि उपकारस्तुतीचा घोष करत. म्हणजे तोही गाणाराच होता की! आणि आता त्याचे अश्रूच त्याचं अन्न झालेत. आणि तरी स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू का खिन्न झालास, देवाची आशा धर, मी पुन्हा त्याचे गुणगान गाईन. "गातो" नाही, "गाईन". हे मी आज अगदी प्रामाणिकपणे म्हणू शकते.

क्वायर सोडायची म्हणत होते, ते पत्र फाडलं. पुढच्या रविवारी हे स्तोत्र घेऊ या का असं लीडरना विचारणार आहे. सहावी_तार, तुम्ही हे कधी बसवलंय का? आमच्याकडे ऑर्गन, तबला आणि दोन-चार आवाज एवढंच आहे.

सहावी_तार

बसवलंय ना, आणि तुमच्याकडे आहे तेवढं भरपूर आहे. तबला सुरुवातीला नकोच. एका आवाजात, खालच्या पट्टीत सुरू करा, नुसता ऑर्गनचा सूर धरून. ते "माझ्या जिवा तू का खिन्न झालास" तीन वेळा येतं, दोनदा ४२ मध्ये आणि एकदा ४३ च्या शेवटी, म्हणून दोन्ही स्तोत्रं जोडूनच घ्या, तोडू नका. पहिल्या वेळी तो भाग तुम्ही एकटीने म्हणा, दुसऱ्या वेळी क्वायर, आणि तिसऱ्या वेळी सगळ्या मंडळीला घ्या, तबला तिथे येऊ दे. ४३ च्या चौथ्या वचनात तो वेदीपाशी जाऊन वीणा वाजवीन म्हणतो, त्याच्या आधी थोडी जागा सोडा, घाई करू नका. लय वाढवायची गरज नाही, आवाज वाढले की पुरतं.

आणि पहिल्या वेळी गळा दाटला तर थांबा, शेजारचीला सांगून ठेवा की तिने उचलायचं, तुमची आई उचलायची तसं. चाल रेकॉर्ड करून पाठवतो रात्री.